मजुरीचा दर कोण ठरवतो?

शेतावर मजूर मिळत नाहीत, ही तक्रार ग्रामीण महाराष्ट्रात आता इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. तक्रार खोटी नाही. खुरपणीच्या, सोयाबीन काढणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांची टोळी ठरवण्यासाठी शेतकऱ्याला आदल्या संध्याकाळी वस्तीवर खेपा घालाव्या लागतात, गाडीने आणण्या-पोहोचवण्याची सोय करावी लागते, आणि एवढे करूनही सकाळी टोळी दुसऱ्याच्या बांधावर गेलेली असते. मात्र मजूर कोणत्या दराने मिळत नाहीत, हे या तक्रारीत कधी सांगितले जात नाही. आदल्या वर्षीच्या रोजाने मिळत नाहीत, की कितीही दिले तरी मिळत नाहीत? या दोन्ही गोष्टींचे अर्थ अगदी वेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. धोरण आखताना मात्र हा प्रश्न न विचारताच उत्तर दिले जाते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी योजनेच्या, जागी नवा कायदा मंजूर केला. वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांच्या कामाची हमी त्यात आहे. चर्चा बहुतेक या आकड्याभोवती आणि योजनेच्या बदललेल्या नावाभोवती फिरली. मला त्यातली दुसरी एक तरतूद फार गंभीर वाटते. पेरणी आणि काढणीच्या ऐन हंगामात, वर्षभरात मिळून ६० दिवस, योजनेची कामे बंद ठेवायची. हे दिवस कोणते ते राज्यांनी आगाऊ जाहीर करायचे. त्यामागचे कारणही उघडपणे सांगितले गेले: हंगामात शेतीला मजूर मिळावेत. रोजगार हमीबद्दल अर्थशास्त्रज्ञांनी आजवर जे काही शोधून काढले, त्यातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष नेमका या तरतुदीला भिडतो. तो विचारात घेतला गेल्याची कोणतीही खूण मला या कायद्यात दिसत नाही. म्हणून तो निष्कर्ष काय आहे, तो कसा मिळाला आणि त्यावर कितपत विसंबावे, हे नीट मांडायला हवे.

सुरुवात थोडी मागून करतो. पाठ्यपुस्तकातल्या श्रमबाजारात मजूर पुष्कळ असतात, काम देणारेही पुष्कळ असतात आणि दर दोघांच्या हाताबाहेर, मागणी-पुरवठ्याने ठरतो. अशा बाजारात सरकारने किमान वेतन वाढवले की रोजगार घटणारच, असा निष्कर्ष आपोआप निघतो. कित्येक पिढ्यांच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो परीक्षेत लिहिला. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच दुसरी शक्यता दाखवली होती. काम देणारे मोजके असतील आणि मजुराला दुसरीकडे जाणे अवघड असेल, तर दर मालक ठरवतो, तो मजुराच्या कामाच्या मोलापेक्षा खाली राहतो, आणि त्या दराने येणारे मजूरही कमी असतात. अशा ठिकाणी दराला खालून आधार दिला तर मजुरी आणि रोजगार दोन्ही वाढू शकतात. या मांडणीला पुस्तकात मोनोप्सनी या नावाने जागा मिळाली, पण अपवाद म्हणून, कोपऱ्यात.

ती कोपऱ्यातून बाहेर काढली डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटांची दोघांनी वाढीपूर्वी आणि वाढीनंतर पाहणी केली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. १९९४ मध्ये निबंध आला आणि मोठे वादळ उठले. आकडेवारीवर आक्षेप आले, वेतनपटांवरून उलट निष्कर्ष काढणारे निबंध आले, पुन्हा तपासण्या झाल्या. २०१९ मध्ये तर अमेरिकेतल्या राज्यांनी केलेल्या किमान वेतनाच्या १३८ वाढी एकत्र तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कमी वेतनाच्या नोकऱ्यांची एकूण संख्या फारशी बदलली नाही असेच त्यातून निघाले. कार्ड यांना २०२१ चे नोबेल मिळाले. क्रूगर तोवर हयात नव्हते. किमान वेतन कितीही वाढवले तरी चालते, असा याचा अर्थ नाही, आणि तसा दावा त्यांनी केलाही नव्हता. दर कुठे आणि कसा ठरतो हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय परिणाम सांगता येत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतल्या श्रम-अर्थशास्त्राची ही सर्वांत मोठी कमाई आहे.

आता हे चित्र आपल्या गावावर ठेवून पाहू. दहा-पाच मोठे शेतकरी, शंभर-दीडशे मजूर कुटुंबे. तालुक्याच्या गावी रोज जाऊन-येऊन काम करणे पुरुषाला जमते. घरी लहान मूल आणि म्हातारी माणसे असलेल्या बाईला जमत नाही. तिच्या दृष्टीने बाजार म्हणजे पायी जाता येईल एवढी शिवारे. ज्याच्या शेतावर जायचे त्याच्याकडूनच दवाखान्यासाठी किंवा लग्नासाठी उचल घेतलेली असते. तिथे गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा, आणि ते दोन्ही गावात आधीच 'ठरलेले' असतात. मजूर याबाबतीत अगदीच हतबल असतात असेही नाही. ओडिशातल्या गावांत एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि नंदिता कृष्णस्वामी यांनी केलेल्या प्रयोगात बेकार मजुरांना चालू दरापेक्षा कमी दराने काम देऊ करण्यात आले. ते चारचौघांत देऊ केले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी नाकारले; कुणाला कळणार नाही अशा रीतीने देऊ केले तेव्हा बऱ्याच जणांनी स्वीकारले. म्हणजे दर पाडू नये हा मजुरांचा आपापसातला अलिखित करार आहे आणि गरज त्याला आतून पोखरत असते. मजुरीचा दर हा असा माणसांमाणसांतल्या ताकदीवर उभा असतो. त्यात सरकारी हमी शिरली की काय होते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते फार जुने आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये रोजगार हमीची कल्पना लहान प्रमाणावर करून पाहिली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढून रोजगार देण्याचा मार्ग आकडेमोड करून मांडला. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावांवर माती वाहणाऱ्या लाखो लोकांनी या कल्पनेला जे बळ दिले ते कोणत्याही अहवालाने मिळाले नसते. १९७७ मध्ये राज्याचा रोजगार हमी कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये वजा होतात ते या करापोटी, आणि तो सुरू झाला होता मजुरांना काम देण्यासाठी. ही गोष्ट पगारदारांच्या पुढच्या पिढीला कुणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते. राज्याच्या सामाजिक धोरणात शहराने गावासाठी इतक्या थेटपणे खिशात हात घातल्याची उदाहरणे थोडी आहेत.

त्या काळच्या अभ्यासकांचे लक्ष साहजिकच योजनेच्या आत होते. किती मनुष्यदिवस काम निघाले, कामावर बायका किती, मजुरी वेळेवर मिळाली का, तलाव टिकले का. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अशाच प्रश्नांचा होता, आणि ही योजना बायकांच्या किती उपयोगाची आहे हे पुढे आणण्यात कुमुदिनीबाईंचा वाटा मोठा आहे. योजनेच्या बाहेर, म्हणजे जे मजूर कधी रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) कामावर गेलेच नाहीत त्यांच्या मजुरीचे काय झाले, हे मोजण्याची साधने तेव्हा नव्हती. अंदाज सगळ्यांना होता. बागायतदार कुरकुर करत होते, तीच त्याची पावती होती.

मोजता आले ते २०१० नंतर, अविभाजित आंध्र प्रदेशात. त्या सरकारने मनरेगाची मजुरी आणि निवृत्तिवेतन बोटांच्या ठशांवर चालणाऱ्या स्मार्टकार्डातून, गावातच, द्यायचे ठरवले. सगळीकडे एकदम सुरुवात करणे शक्य नव्हते. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या संशोधकांनी सरकारला सुचवले की कोणत्या मंडलात (म्हणजे जिल्ह्याच्या उपविभागात) आधी आणि कोणत्या मंडलात नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवू. सरकारने ते मान्य केले. आठ जिल्ह्यांतली १५७ मंडले, सुमारे १ कोटी ९० लाख लोकसंख्या. इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेले असे प्रयोग जगात फार थोडे आहेत. चिठ्ठीने वाटणी झाल्यामुळे दोन गटांत पुढे दिसलेला फरक पावसाचा, जमिनीचा की आमदाराचा अशी शंका घ्यायला फारशी जागा उरली नाही.

पहिला निष्कर्ष अपेक्षित होता: मजुरी लवकर आणि भरवशाने मिळू लागली, मधल्या मधे होणारी गळती घटली. दुसरा निष्कर्ष २०२३ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आला आणि तो थक्क करणारा आहे. ज्या मंडलांत योजना नीट चालू लागली तिथल्या गरीब कुटुंबांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली आणि दारिद्र्य २६ टक्क्यांनी घटले. वाढलेल्या उत्पन्नातला ८६ टक्के भाग योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हता. तो योजनेबाहेरच्या कमाईचा होता, कारण खासगी कामाची मजुरी वाढली आणि खासगी कामाचे दिवसही वाढले. योजनेच्या कामावर न गेलेल्या मजुरालाही तिचा लाभ झाला. 'यापेक्षा कमी दिलेत तर मी रोजगार हमीवर जाईन' असे म्हणण्याची सोय झाली आणि तेवढ्याने सौदा बदलला. मजूर किती रोजाच्या खाली कामाला जाणार नाहीत, तो आकडा पाहण्यांत वर सरकलेला दिसला.

मजुरी वाढली तर रोजगार घटायला हवा होता, पुस्तकाप्रमाणे. तो वाढला, आणि जिथे जमीन मोजक्या हातांत एकवटलेली होती त्या गावांत अधिक वाढला. रॉबिन्सन यांच्या कोपऱ्यातल्या प्रकरणाने जे भाकीत केले होते तेच हे. शिवाय गावातले बिगरशेती व्यवसाय, छोटी दुकाने, कारागिरी वाढली, कारण मजुरांच्या हातात आलेला पैसा गावातच खर्च झाला.

आता ६० दिवसांच्या बंदीकडे परत येऊ. बंदीचे समर्थक म्हणतील, हंगामात मजूर रोजगार हमीवर असतातच कुठे? ते बरोबर आहे. क्लेमां अँबेर आणि जॉन पॅप यांनी मनरेगा जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने लागू झाली, फेब्रुवारी २००६ मध्ये २००, मग आणखी १३०, मग एप्रिल २००८ पासून सगळीकडे, याचा उपयोग करून तिचा परिणाम मोजला. योजनेची कामे मुख्यतः कोरड्या महिन्यांत, शेतीला मजूर कमी लागतात तेव्हाच, निघत होती. म्हणजे हंगामात शेतीचे मजूर रोजगार हमी पळवून नेते हा आरोप मुळात दुबळा होता. मग बंदी कशासाठी? हंगामात फारसे लोक योजनेवर नसतील तर कामे बंद करून शेतीला नवे मजूर मिळणार नाहीत. बदलेल ते एवढेच की सौदा करताना मजुराच्या हाती असलेला दुसरा पर्याय नेमका त्या दिवसांपुरता जाईल, ज्या दिवसांत त्याच्या श्रमाला वर्षातला सर्वांत जास्त भाव येतो. आंध्रच्या प्रयोगाने सांगितलेल्या लाभाचा गाभाच ही तरतूद पोखरते. १२५ दिवसांचा आकडा त्याची भरपाई करू शकत नाही, कारण लाभ दिवसांच्या संख्येत कमी आणि पर्याय हाताशी असण्यात जास्त होता.

हंगाम एकच नाही, ही अडचण तर आणखी वेगळी. कोकणात भातलावणी जुलैत, मराठवाड्यात सोयाबीनची काढणी ऑक्टोबरमध्ये, विदर्भात कापसाची वेचणी थेट जानेवारीपर्यंत, सोलापूरकडे ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. राज्य सरकार भागवार तारखा ठरवील हे गृहीत धरू. पण ज्या वर्षी मृगात पाऊस आलाच नाही, त्या वर्षी पेरणीच्या नावाने बंद ठेवलेल्या कामांचे काय करायचे? शेतात काम नाही आणि योजनेचेही नाही, अशी अवस्था येऊ नये म्हणून तर १९७२ नंतर महाराष्ट्राचा कायदा झाला होता.

लहान शेतकऱ्याचा प्रश्न टाळून हा विषय मांडणे मला अप्रामाणिक वाटते. आंध्रच्या त्याच अभ्यासात जमिनीपासूनचे उत्पन्न घटलेले दिसले. मजुराला मिळालेल्या वाढीचा काही भाग जमीनधारकाच्या खिशातून गेला. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीचा मालक बागायतदार नसतो. बऱ्याचदा त्याच घरातली माणसे वर्षातून काही दिवस मजूर लावतात आणि काही दिवस मजुरीला जातात. त्याला वाढलेला रोज परवडत नाही हे खरे आहे. त्याचा तोटा मात्र मजुरीपासून सुरू होत नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि शेतकऱ्यांना बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकावे लागले. ज्याला मालाचा भाव ठरवता येत नाही, खताचा आणि बियाण्याचा भाव ठरवता येत नाही, त्याच्या हाती वाटाघाट करण्याजोगी एकच किंमत उरते, ती म्हणजे मजुरी. सरकारने त्याला त्या एका ठिकाणी थोडी सवलत मिळवून देणे सोपे आहे, कारण तिचे पैसे सरकारला द्यावे लागत नाहीत; ते खुरपणीला आलेली बाई देते. शेतकऱ्याला भावफरक द्यावा, खरेदी केंद्रे वेळेवर उघडावीत, छोट्या यंत्रांची भाड्याने सोय करावी. हे सगळे खर्चाचे आहे, आणि म्हणूनच ते मागे पडते.

खर्चाचा विषय निघाला म्हणून महाराष्ट्रातला एक जुना धडा सांगायला हवा. १९८८ मध्ये रोहयोची मजुरी कायदेशीर किमान वेतनाच्या बरोबरीला आणली गेली. ती जवळपास दुप्पट झाली. मजुरांचा तो न्याय्य हक्क होता. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी नंतरच्या महिन्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा कामाची उपलब्धता आकसलेली दिसली. दर वाढला, पण त्या प्रमाणात तरतूद नसल्याने कामे कमी काढली गेली आणि मागेल त्याला काम ही हमी कागदावर राहू लागली. आताच्या कायद्यात केंद्र प्रत्येक राज्याचा वाटा आधीच ठरवणार आहे, खर्चाचे प्रमाण बहुतेक राज्यांसाठी ६०:४० राहणार आहे आणि ठरलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याने सोसायचा आहे. तिजोरीवर ताण आला की हमी आधी कुठे आकसते, हे ३५ वर्षांपूर्वी याच राज्यात मोजले गेले आहे. ते पुन्हा नव्याने शोधायची गरज नाही.

संशोधनावर एवढा भार टाकताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. याच तीन संशोधकांनी पुढे झारखंडमध्ये रेशन दुकानांवरच्या आधार पडताळणीचा असाच चिठ्ठ्या टाकून अभ्यास केला. तंत्र जवळपास तेच: बोटाचा ठसा आणि यंत्र. निकाल उलटा लागला. निव्वळ पडताळणीने गळती कमी झाली नाही, लाभार्थ्यांचा त्रास वाढला आणि ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते त्यांचे धान्य घटले. आंध्रमध्ये मजुराला पैसे सहज आणि वेळेवर मिळावेत हा हेतू पुढे होता, आणि ठसा जुळला नाही तर मजुरी अडवायची नव्हती. झारखंडमध्ये खोटे लाभार्थी वगळणे हा हेतू पुढे होता आणि ठसा जुळल्याशिवाय धान्य नव्हते. एका राज्यातला अहवाल उचलून दुसऱ्या राज्यात यंत्रे बसवणारा अधिकारी, संशोधनावर आधारित धोरण राबवतो आहे असे म्हणेल, आणि तो चुकत असेल. निष्कर्षामागची कार्यपद्धती समजून घेतली नाही तर आकडा दिशाभूल करतो.

समजून घेतली तर असा अभ्यास अनपेक्षित ठिकाणी वाट दाखवतो. मध्य प्रदेशात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनरेगाची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खाते कसे वापरायचे याचे थोडे प्रशिक्षण दिले. त्या बायका योजनेवर आणि योजनेबाहेरही जास्त काम करू लागल्या. हे वाचताना मला सारखी बीडची ऊसतोड आठवते. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या नावावर, हिशोब मुकादमाच्या वहीत, आणि थंडीतल्या पहाटे मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईच्या नावाने एक रुपयाही कुठे लिहिला जात नाही. तिच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी २०१९ मध्ये राज्य हादरले, समिती नेमली गेली, तपासण्यांच्या आणि नोंदणीच्या सूचना आल्या. कोयता फोडून दोघांची मजुरी वेगळी मोजावी, बाईचा वाटा तिच्या खात्यात जावा, हे काही कारखान्यांच्या गटात एक-दोन गाळप हंगाम करून बघायला काय हरकत आहे? उचलीचे प्रमाण, आजारपणातल्या खाड्यांचा दंड, मुलींची शाळा, हे सगळे मोजता येण्यासारखे आहे. यातून काय निष्पन्न होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. म्हणूनच आधी करून बघावे असे म्हणतो.

करून बघण्याची ही वृत्ती आपल्या धोरणात जवळजवळ नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब मातांना रोख मदत देणारी 'प्रोग्रेसा' योजना सुरू केली, तेव्हा ५०६ वस्त्या निवडून त्यांतल्या ३२० ना आधी आणि १८६ ना नंतर लाभ दिला. पैसा मर्यादित होता, टप्पे करावेच लागणार होते. ते चिठ्ठीने केले एवढेच. मुलांच्या शाळेतल्या हजेरीवर, आरोग्यावर काय परिणाम झाला हे स्पष्ट दिसले. २००० मध्ये सत्तांतर झाले तरी नव्या सरकारला योजना मोडता आली नाही. त्याने नाव बदलून ती वाढवली. महाराष्ट्राने जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिन्याला १,५०० रुपये द्यायला सुरुवात केली. इतकी मोठी योजना, दोन कोटींहून अधिक बायका, आणि तिचा बायकांच्या कामावर, मजुरीच्या दरावर, कर्जावर, आहारावर काय परिणाम झाला हे सांगू शकेल अशी कोणतीही रचना तिच्यात नव्हती. म्हणून आज कुणीही उठून 'लाडक्या बहिणीमुळे मजूर मिळेनासे झाले' असे ठोकून देतो आणि त्याला पुराव्याने उत्तर देता येत नाही. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख-मदत योजनांचे प्रयोग पुन्हा तपासले होते. पैसे मिळाले म्हणून लोक काम सोडतात याचा पुरावा त्यांना आढळला नाही. आपल्याकडेही तसेच असेल असे मला वाटते, पण माझ्या वाटण्यावर अर्थसंकल्पातले हजारो कोटी उभे राहू नयेत.

गरिबांवर प्रयोग करता का, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यातली कळकळ मला मान्य आहे. कुणाला वंचित ठेवून ज्ञान मिळवायचे नाही, ही अट हवीच. पण न मोजता सगळ्यांवर एकदम तरतूद लादणे हाही प्रयोगच असतो. त्यात फक्त निकाल लिहून ठेवायची तजवीज नसते. ६० दिवसांची बंदी तसा प्रयोग आहे, आणि त्याचा खर्च भूमिहीन बायकांच्या रोजातून होणार आहे.

म्हणून मागणी अगदी नेमकी आहे. ही तरतूद केंद्राने मागे घ्यावी. तोवर महाराष्ट्राने बंदीचे दिवस कायदा परवानगी देईल तितके कमी आणि तितक्या लहान भागांपुरते जाहीर करावेत, आणि पाऊस लांबला तर कामे लगेच उघडतील अशी सोय अधिसूचनेतच लिहावी. प्रत्येक तालुक्यातल्या काही ठरावीक गावांत बाईचा आणि गड्याचा रोज बंदीच्या आधी, बंदीत आणि नंतर किती होता, कामाची मागणी किती आली, कितींना पावती मिळाली, हे दर आठवड्याला नोंदवावे आणि गावाच्या नावानिशी जाहीर करावे. यासाठी नवा आयोग नेमायला नको. विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहे, ती जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे करते, कामांची तपासणी करते. या वर्षीच्या दौऱ्यात तिने तलावाच्या भिंतीची उंची मोजण्याबरोबर शेजारच्या शिवारातला रोजही विचारावा, आणि तो आकडा सभागृहाच्या पटलावर ठेवावा.